लेक आणायला कुंभकोणमला

कुंभकोणमला उतरले तेव्हा हातात डिंकाच्या लाडवांचा डबा होता आणि डोक्यात एकच हट्ट: सातव्या महिन्यातल्या मुक्ताला घेऊनच सांगलीला परतायचं. पहिलं बाळंतपण माहेरीच, यात मी कुणाचं ऐकणार नव्हते.

मुक्ताचं सासर तंजावरी मराठी. बाहेर सगळं तमिळ, घरात मात्र जुन्या बखरीतून उठून आल्यासारखी मराठी. विहीणबाई कॉफी देत म्हणाल्या, "संबंधी (विहीणबाई), उद्यां डाक्टर हो म्हणालीं तर न्या. अमी धरून ठेवत नाहीं." मी गालातल्या गालात हसले. डॉक्टर काय, हो म्हणणारच होत्या.

सकाळी त्यांनी मला तिरुक्करुगावूरला पिटाळलं. तिथल्या गर्भरक्षांबिकेचं एरंडेल गरोदर बाईच्या पोटाला लावतात, ते आणायचं होतं. देवळात दोन रांगा होत्या. मी शहाणी आखूड रांगेत शिरले आणि तुपाची बाटली घेऊन बाहेर पडले. इथे तेलाऐवजी तूप देत असतील, असं मीच ठरवलं. वाटेत जेवायला थांबले. केळीच्या पानावर गरम भात आला आणि हात आवरेना. निम्मी बाटली संपली.

घरी विहीणबाईंनी बाटली उजेडात धरली. "हें तूप मूल हवं त्यांनीं खायचं! नवराबायको दोघांनीं, रोज. व्याह्यांना ठेवलांत की?"

मी पंचावन्न वर्षांची! मुक्ता पोट धरून हसत होती. "आई, बाबांना फोन लावू?"

संध्याकाळी डॉक्टरांनी सगळ्यांचं हसू थांबवलं. वार गर्भाशयाच्या तोंडाशी, खाली होती. रक्तस्रावाचा धोका होता, म्हणून लांबचा प्रवास पूर्ण बंद. मी डॉक्टरांवर चिडले, रेल्वेवर चिडले. रिक्षात मुक्ता माझा हात घट्ट धरून म्हणाली, "मला भीती वाटते गं. तू नसलीस तर?"

तिच्या पलीकडे बसलेल्या विहीणबाई माझ्याकडे वळल्या. "माहेर म्हणजे घर की आई? तुम्हीच या. पुढची खोली तुमची. तिथं अमी विचारून येऊं."

परतीच्या गाडीत मी एकटीच आहे. चार दिवसांत कपडे आणि औषधं घेऊन पुन्हा निघायचंय. काल विहीणबाईंनी त्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली, आणि लगेच दारावर टकटक करून आत यायची परवानगी मागितली. मी त्यांना चांगलं दोन मिनिटं बाहेर उभं ठेवलं. माहेरचा मान आहे तो, सोडते की काय!