सिमेंट रंगाचा घागरा

अक्का गेल्याचं कळल्यावर मी पहिला फोन अक्कालाच लावला. आमच्या घरात कुणी गेलं, कुणाचं जमलं, कुणाला बाळ झालं, की पहिली खबर तिला द्यायची अशी पद्धत. पुढे कुणाला कोणत्या शब्दांत सांगायचं, कोण कुणाच्या गाडीत बसेल, आलेल्यांचा चहा कुणाकडे, हे सगळं ती लावून द्यायची. त्या सकाळी भाच्याचा, प्रशांतचा फोन आला. "मामा, आई गेली... झोपेतच." मी "बरं" म्हणालो, फोन ठेवला आणि सवयीने तिचा नंबर दाबला. रिंग जात राहिली. उचलला प्रशांतनेच. "मामा, आईचा फोन माझ्याजवळ आहे," तो म्हणाला. "हो, हो," मी म्हणालो, "मग तिला सांग, मी निघालोच." कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क म्हणून मी रोज दुसऱ्यांच्या अर्जांतल्या चुका लाल पेनाने दाखवतो. त्या सकाळी माझ्या चुकीवर फुली मारायला कुणी नव्हतं, आणि जी मारायची तीच नव्हती.

अक्काचं इंदिरानगरला शिलाईचं दुकान होतं. भाऊजी लवकर गेले तेव्हा तिने साड्यांना फॉल लावून द्यायला सुरुवात केली. पुढे ब्लाउज, मग घागरे, आणि शेवटी शेवटी नवरीचे कपडे शिवून घ्यायला लांबलांबून पोरी यायला लागल्या. तिला प्रेमळ वगैरे म्हणता येणार नाही. माणूस दारात आला की तिचा हात आधी त्याच्या खांद्याच्या शिवणीवर जायचा, चेहऱ्याकडे ती नंतर बघायची. माझा एकही शर्ट तिने कधी पास केला नाही. एखादं बोलणं पटलं नाही तर ती वाद घालत नसे. टाचण्यांची डबी उघडायची आणि चार टाचण्या ओठांत धरायची. टाचण्या तोंडात असलेल्या बाईला कोण काय विचारणार? समोरचा बोलून बोलून दमायचा, त्याला वाटायचं आपलं पटलं, आणि अक्का तिला हवं तेच कापायची.

गेल्या वर्षी माझ्या मुलीचं, सायलीचं लग्न ठरलं. ठरलं म्हणजे तिने ठरवलं. निखिल तिच्याच कंपनीतला. घर नाशिकरोडला, बौद्ध. आई शाळेत शिक्षिका. आम्ही सिन्नरकडचे शेतकरी, आणि आमच्या भावकीत असं लग्न आधी झालेलं नव्हतं. सगळी भावकी बघते ती माझ्या थोरल्या भावाकडे, दादाकडे. दादा आला तर गाव येणार, दादा बसून राहिला तर कुणी वेशीबाहेर पडणार नाही. त्याला मुलाचं सांगितलं तेव्हा तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. "बघू," म्हणाला, आणि कांद्याला पाणी द्यायला निघून गेला. इकडे विहीणबाईंनी मला पहिल्याच भेटीत स्वच्छ सांगितलं, "तुमची सगळी माणसं समोर बसलेली असतील तरच लग्न होईल. माझा मुलगा कुणाला चोरून नेत नाहीये." त्यांचं बरोबरच होतं. म्हणजे सायलीचं सगळं आता दादाच्या त्या एका 'बघू'वर टांगलेलं होतं, आणि मी रात्रंदिवस त्या शब्दाचा अर्थ लावत बसलो होतो.

कपड्यांचं ठरवायला सगळे अक्काच्या दुकानात जमले. दादा गावाहून नवरीची पिवळी साडी घेऊन आला होता. विहीणबाईंनी पिशवीतून पांढरी शुभ्र साडी काढली. "आमच्याकडे ही असते," त्या शांतपणे म्हणाल्या. दादाने साडीकडे पाहिलं. "पांढरं आमच्यात कवा नेसतेत, सांगू का बाई?" दुकानातली शिवणयंत्रं बंद पडल्यासारखी वाटली मला. विहीणबाईंचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "मी पांढऱ्या साडीतच उभी राहिले होते, दादा. आमचे हे अजून ठणठणीत आहेत. रोज दोन वेळा जेवतात." दादा खाली बघायला लागला. त्याच्या गळ्यातली शीर मला ओळखीची होती. आमच्या वडिलांचीही अशीच उडायला लागली की ते उठून जायचे, आणि एकदा उठले की परत यायचे नाहीत. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "अर्धं पिवळं, अर्धं पांढरं असं काही करता येईल का?" अक्काने माझ्याकडे पाहिलं. "बाळू, पोरगी आहे ती. उकडलेलं अंडं नाही."

पण दोन रंगांवर थांबेल तर ते आमचं घर कसलं? कुणी लाल म्हणालं, कुणी हिरवा. माझ्याबरोबर आलेल्या चुलतभावाने हिरव्याला नाक मुरडलं, भगवा निघाला तेव्हा विहीणबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या, आणि निळा निघाला तेव्हा आमची बाजू. प्रत्येक रंगावर कुणीतरी आधीच बसलेलं होतं. सायली तेवढा वेळ मागच्या फळीवरचे तागे उलटेपालटे करत होती. त्यातला एक तिने ओढून काढला. येवल्याच्या एका विणकराने अक्कासाठी विणून दिलेलं रेशीम. उभा धागा राखाडी, आडवा किंचित जांभळट, त्यामुळे स्थिर धरलं तर सिमेंटसारखं आणि हललं की पारव्याच्या मानेसारखं. "आत्या," ती म्हणाली, "हा कुणाचा नाही ना?" अक्का म्हणाली, "पारव्यांचा आहे. ते भांडायला येत नाहीत."

"शिमिटाचा रंग?" दादा म्हणाला. "लग्नात?"

"मी तर आजवर कुठे पाहिला नाही," विहीणबाई म्हणाल्या.

"पोत्याचा रंग हे हा, बाई."

"तेच ना. इतकी गोड मुलगी, आणि हे काय?"

अक्काने टाचण्या ओठांत धरल्या आणि सायलीच्या कमरेला टेप लावली. तोवर निदान दोन बाजू होत्या, एकीला धरून दुसरीला समजावता येत होतं. आता दोन्ही बाजू एक झाल्या होत्या, आणि पलीकडे आम्ही.

सायली त्या कपड्याला 'कुटूर' म्हणायची. म्हणजे काय, तर एकाच अंगाच्या मापाचं, दुसऱ्या कुणालाही न होणारं. मी म्हटलं, माझ्या सगळ्या पँटी तशाच आहेत. ती हसली नाही. त्या दिवसांत घरात कुणी हसत नव्हतं. दादा माझा फोन उचलेनासा झाला. चुलतभावाकडून निरोप आला, "त्या रंगात पोरगी असंल तर मी गाडीतून उतरणार नाय." विहीणबाईंचा फोन मात्र रोज यायचा. "सायलीच्या काकांचं काय झालं? रंग बदलला का?" शेवटी मी दुकानात गेलो. घागरा पुतळ्यावर चढवलेला होता. घेर मोठा, वर अंगाबरोबर बसणारी लांब बाह्यांची चोळी, जर नाही, टिकल्या नाहीत. त्याच रंगाच्या धाग्याने केलेलं बारीक भरतकाम लांबून दिसत नव्हतं, हात फिरवला की बोटांना लागत होतं. सुंदर होता. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

"अक्का, बदल ना रंग," मी म्हणालो. "अजून वेळ आहे. एका कपड्यापायी पोरीचं लग्न मोडेल."

तिने टाचण्यांची डबी उघडली, मग का कोण जाणे, बंद केली. "दादा मुलाबद्दल काय म्हणाला?"

"मुलाबद्दल काहीच नाही. रंगाबद्दलच चाललंय त्याचं."

"आणि विहीणबाई? आपल्या घराबद्दल काही?"

"त्याही रंगाबद्दलच."

"मग शिवू दे मला," ती म्हणाली, आणि यंत्राच्या पायडलवर पाय ठेवला. हे कसलं उत्तर, असं पुटपुटत मी घरी आलो.

लग्नाच्या दिवशी पाथर्डी फाट्याच्या अलीकडच्या कार्यालयात सगळं तयार होतं, फक्त लग्न सोडून. कार्यालयाच्या फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला दादाची जीप उभी होती, तिच्यामागे भावकीच्या गाड्या, आणि एकही माणूस खाली उतरत नव्हता. आत विहीणबाई खुर्चीत बसून होत्या. "काका आत आल्याशिवाय मी निखिलला उभा करणार नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्याकडची माणसं पाकळ्यांची ताटं घेऊन उभी, आमच्याकडच्या अक्षता पातेल्यात. मी जीप ते खुर्ची, खुर्ची ते जीप अशा फेऱ्या मारत होतो. फेटा डोळ्यावर आला होता, आणि ज्याच्या त्याच्या पाया पडायच्या नादात मी केटररच्या माणसाच्याही पाया पडलो. बायको, मंगल, नवरीच्या खोलीच्या दारात उभी होती. तिने मला हाताने थांब म्हणून खूण केली. दार उघडलं आणि अक्का सायलीला घेऊन बाहेर आली. मला वाटलं बोहल्याकडे नेईल. ती सरळ फाटकातून रस्त्यावर गेली. घागऱ्याच्या घेरातून सुई लोंबत होती. घेराची कड अक्का नेहमी शेवटी मारायची, नवरी चप्पल घालून उभी राहिल्यावर. पण त्या दिवशी तळहाताएवढी कड मुद्दाम राहिली होती की खरंच राहून गेली होती, ते मी तिला कधी विचारलं नाही.

"दादा, उतर खाली."

"रंग बदलला?"

"नाय."

"मग बसलोय ते बराय. पोत्याच्या रंगात पोरगी उभी करायची अन् मी टाळ्या वाजवायच्या का?"

"पोत्याचा हे ना? मग तुझ्याच कामाचा." अक्काने सुई पुढे केली. "एवढी कड राहिलीय. मला आता दिसेना. जल्मभर कांद्याच्या गोण्या शिवल्या तू. घाल टाका."

मागच्या गाड्यांतली माणसं काचा खाली करून बघत होती. दादा सुईकडे बघत होता, मग त्याने सायलीकडे पाहिलं. ती रडत नव्हती, पण हनुवटी हलत होती... लहानपणी विहिरीच्या काठावर दादाने तिला ओरडून मागे ओढलं होतं, तेव्हा हलली होती तशी. एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. आता हा "चला" म्हणणार आणि जीप वळणार, अशी माझी खात्री झाली होती.

"लय बारीक हे सुई," दादा म्हणाला.

"दाभण आणायचा राहिला," अक्का म्हणाली.

बसल्या जागेवरून टाका घालता येईना म्हणून तो खाली उतरला. जीपच्या पायरीवर बसला, घेर गुडघ्यावर घेतला. तोल जाऊ नये म्हणून सायलीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तेवढ्यात विहीणबाई बाहेर आल्या. दादाच्या मागे उभ्या राहून जरा वेळ बघत राहिल्या.

"टाका मोठा पडतोय, दादा."

"गोणी अशीच शिवतेत, बाई."

"पण या रंगावर तो दिसणार ना."

"मग मी काय म्हणतोय पहिल्यापासनं?"

दाताने दोरा तोडून तो उठला, आणि दोघं त्या रंगाला नावं ठेवत ठेवतच फाटकातून आत गेले. मागून सगळी भावकी. अक्षता आणि पाकळ्या एकदमच पडल्या. फेटा सावरण्यात माझ्या मात्र दोन्ही राहिल्या.

महिन्याभरापूर्वी अक्काचा दहावा झाला. दुपारी प्रशांतने दुकानाचं शटर वर केलं, बायकांचे आलेले कपडे परत करायचे होते. आम्ही घरचीच माणसं होतो, त्यात विहीणबाईही. कातरीच्या टेबलावर तिचा चष्मा तसाच उघडा पडला होता. भिंतीवर तिने ज्यांचे कपडे शिवले त्या नवरीमुलींचे फोटो, त्यात सायलीचा. दादा बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिला. गेले दहा दिवस तो कुणाशी धड बोलला नव्हता.

"काही म्हणा बाई," तो म्हणाला, "रंग हुकलाच."

"हुकलाच," विहीणबाई म्हणाल्या. "निदान मोतिया घ्यायचा."

"मोतिया म्हंजी पांढराच की. आंब्याच्या रंगाचा शोभला असता."

"आणि आंब्याचा म्हणजे पिवळाच की, दादा."

मग दादाने समोरची बिस्किटांची बशी त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी एक घेतलं. प्रशांत कपड्यांच्या घड्या घालत राहिला आणि त्या दोघांचं अबोली, आमसुली, डाळिंबी असं कितीतरी वेळ चाललं.

मला ते सहन झालं नाही. घरी येताना स्कूटरवर मी मंगलला म्हणालो, "आज तरी गप्प बसायचं. माणूस गेलंय, आणि तिच्याच दुकानात बसून तिच्याच कामाला नावं ठेवतात."

मुंबई नाक्याच्या सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा ती मागून म्हणाली, "ठेवू द्या हो. दुसरं काय आहे त्या दोघांना एकमेकांशी बोलायला?"