तिगावच्या टेकड्यांची आलमारी

माझं लग्न ठरलं तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. बाबा पांढुर्ण्याच्या शाळेत मास्तर. आंदणात सागवानी आलमारी द्यायची म्हणून त्यांनी सौंसरच्या एका वाढईला बोलावलं. तो रोज सकाळच्या बसनं येई आणि आमच्या अंगणात रंधा मारत बसे. पंधरा दिवसांत सांगाडा उभा राहिला. उरलं दारांवरचं नक्षीकाम.

त्यानं बाबांना नाही, मला विचारलं, "पोरी, इटारसीले गेल्यावर तुले कशाची आठवण यीन?"

असं मला आजवर कोणीच विचारलं नव्हतं. मी लाजत म्हटलं, "तिगावकडच्या टेकड्यांची. अन् संत्र्याच्या बगीच्याची."

दुसऱ्या दिवशी अवजारांची पिशवी आमच्याकडे ठेवून तो तिगावच्या वाटेला लागला. दोन दिवस बांधावर बसून त्यानं कागदावर टेकड्या काढल्या. बाबा चिडले. "हा काम करून राहिला का हवा खाऊन राहिला?"

खणांना पितळी मुठीही त्याला नको होत्या. मागच्या गल्लीतल्या कुंभारीण मावशीकडे तो मला घेऊन गेला. तिनं मातीच्या ओल्या गोळ्यांवर संत्र्याचं पान दाबलं. शिरा न् शिरा उमटली. आव्यातून भाजून निघाल्या तेव्हा सहातल्या दोन मुठी तडकलेल्या. "आवा काही माह्या बापाचा नोकर नाही," ती हसून म्हणाली आणि दोन नव्यानं केल्या.

दारं लागली. बाबांनी चष्मा पुसून पाहिलं. "मोर कुठं हाय?"

"मोर सगळ्यायच्याच आलमारीवर राहते, गुरुजी. पोरगी इथलं सोडून जाऊन राहिली. तिले इथलंच देऊ ना."

बाबा शाळेत निघून गेले. दुपारी शाळेतून आले ते सरळ आलमारीपाशी. कोरलेल्या टेकडीवरून बोट फिरवत उभे राहिले. मला पाहिलं तसे म्हणाले, "धूळ बसली होती."

सासरची बोली हिंदी. सासूबाईंनी दारं पाहून कपाळाला हात लावला, "ये क्या जंगल उठा लायी?" पण पहिल्या वर्षी कपडे लावायच्या निमित्तानं मी त्या दारांसमोर किती वेळ बसायची, ते माझं मलाच ठाऊक.

चार-पाच वर्षांनी माहेरी आले, तेव्हा लेकीला घेऊन मुद्दाम सौंसरला गेले. तो दुकानात मोर कोरत होता. "लोकायले मोरच पाहिजे," म्हणाला. लेकीच्या हातावर त्यानं संत्रं ठेवलं आणि विचारलं, "त्या कामात काही चुकलं होतं का?"

"एक टेकडी जास्तीची आहे, काकाजी. इटारसीहून येताना मी गाडीतून मोजल्या."

तो खाली पाहून हसला. "ते माह्या घरामागची हाय. कोरून देल्ली आपल्या मनानं."