सासूबाईंचा लांब पाय

हाडांच्या वॉर्डातली माणसं लवकर उठून जात नाहीत. त्यामुळे तिथे किस्से साचतात, आणि ते साठवायला बहुतेक वेळा सुनाच बसवलेल्या असतात. माझ्या हातावरची मेंदी पुरती गेली नव्हती, तेव्हा हातात बेडपॅन आलं.

सासूबाईंचा खुबा आमच्या लग्नाच्या आदल्या वर्षी बदलला होता. दुखणं गेलं, पण तो पाय बोटभर लांब झाला. लग्नाच्या फोटोत त्या अगदी ताठ दिसतात, कारण फोटोग्राफरनं त्यांच्या दुसऱ्या पायाखाली पाट सरकवला होता. पाट माझा होता. मी फरशीवर.

*

डॉक्टरांनी आधी जाड तळव्याची चप्पल सुचवली. सासरे स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये फोरमन. त्यांनी जुन्या कन्व्हेयर बेल्टचा तुकडा लावून ती करवून आणली. सासूबाईंनी डॉक्टरांना विचारलं, "हे घालून सैपाकघरात जाऊ? देवापाशी जाऊ?"

डॉक्टर म्हणाले, तेवढ्यापुरती काढायची.

"दिवसभर मी तिथंच तं असतो, साहेब."

डॉक्टरांनी कॅलेंडर पाहिलं. मग ऑपरेशनची तारीख दिली.

*

खुब्यात बसवलेला कृत्रिम गोळा काढून आखूड मानेचा बसवायचा, पण जास्त आखूड झाला तर सांधा निसटू शकतो, असं डॉक्टरांनी समजावलं. सासूबाई म्हणाल्या, "पयले लांब केला, आता आखूड करून राहिले. शिंपी तरी आधी माप घेते!"

बोलल्या खऱ्या, पण डॉक्टर जाईपर्यंत माझं मनगट सोडलं नाही.

*

आमच्या स्मृति नगर वसाहतीतून भेटायला येणारे सगळे प्लांटचे. आधी चादर उचलून दोन्ही अंगठे जुळतात का पाहायचे, तब्येत नंतर. मशीन समतल करायला खाली सरकवतात तशी पत्र्याची पट्टी कुठे सरकवता येईल, यावर एकदा तासभर चर्चा झाली. चहा मी आणला.

सासरे तर पातळी तपासायची स्पिरिट लेव्हल घेऊन आले आणि सासूबाईंच्या कमरेवर आडवी ठेवली. बुडबुडा एका कडेला. तेवढ्यात डॉक्टर आले. "फोरमनसाहेब, आधी पलंगाचं माप घ्या."

पलंगच तिरपा निघाला. संध्याकाळपर्यंत वॉर्डातल्या सगळ्या पलंगांखाली पुठ्ठे लागले. पाय होता तेवढाच राहिला.

*

ऑपरेशन झालं. सांधा टिकला, पाय जुळले. काठी सुटल्यावर सासूबाई पहिल्यांदा शेजारच्या सेक्टरच्या बाजारात निघाल्या. पाय लांब झाल्यापासून त्या सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवून, दर पावलाला त्यांनाही झुकवत चालायच्या. आज हात मोकळा होता. मी पिशव्या घेऊन मागे.

सासूबाई सरळ चालत होत्या. शेजारी सासरे दर पावलाला एका बाजूला झुकत होते.

कोपऱ्यावर त्या थांबल्या. "अहो, माहा पाय तं सरळ झाला. तुम्ही कावून लंगडून राहिले?"

सासऱ्यांनी खाली आपल्या पायांकडे पाहिलं.

"मी? मी तं सरळच चालून राहिलो."