यादीत राब नव्हता

चांगला डेटा कसा असतो हे मला डहाणूत महिनाभर शिकवण्यात आलं, आणि शिकवणाऱ्यांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. उंटावरून शेळ्या हाकणारे आपण ऐकलेले असतात. हे उपग्रहावरून हाकत होते.

ट्रेनिंगचा वर्ग डहाणूतल्याच मसोलीत, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर भरायचा. आम्ही वीसेक जण, बहुतेक शहराकडचे. कासा गावाच्या पलीकडच्या डोंगरपाड्यातली मी एकटीच. काम असं, की उपग्रहाच्या फोटोवर जमिनीचे तुकडे आखायचे आणि प्रत्येकाला यादीतलं एक लेबल द्यायचं: शेती, जंगल, पडीक, पाणी, जळीत. शिकवायला बाहेरून एक सर आले होते. आवाज गोड, आणि उत्तर आधीच ठरलेलं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं, ढगाळ फोटो म्हणजे खराब डेटा, बाजूला काढा. मी म्हटलं, "सर, आमच्याकडे नागली, वरई ढगांखालीच उभी असते. आभाळ मोकळं होतं तोवर कापणी उरकलेली असते. मग आमचं शेत दिसणार कधी?"

"मॅडम, मानक जगासाठी असतं. तुमच्या पाड्यासाठी वेगळं करता येत नाही."

वर्ग हसला. त्यातलं एकेक तोंड मला आजही आठवतं.

मग एप्रिलचा एक स्वच्छ फोटो आला. डोंगरउतारावर काळे चौकोनी ठिपके. मी त्यांना शेती म्हटलं आणि शेऱ्यात लिहिलं, राब. पावसाआधी रोपाच्या जागेवर शेण, टहाळ, पाचोळा, वर माती असे थर रचून आम्ही भाजतो. तण मरतं, माती मोकळी होते, रोप जोमाने येतं. जिथे राब भाजलाय तिथे माणूस शेत कसतोय, याला आमच्याकडे शेंबडं पोरही साक्ष देईल.

"राब म्हणजे? राबराब राबणं?" सरांनी विचारलं. पुन्हा हशा. मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण यादीत राब नाही. काळं दिसलं की जळीत."

गुणवत्तेची परीक्षाही मोठी मजेची. एकच फोटो सगळ्यांना द्यायचा आणि लेबलं जुळवून बघायची. सगळ्यांनी एकच री ओढली की डेटा उत्तम. ज्यांनी कधी राब पाहिला नव्हता, त्यांचं एकमत झालं. मी एकटी वेगळी, म्हणून मी चूक. दोनदा नापास झाले. सर्टिफिकेटशिवाय काम मिळणार नव्हतं. तिसऱ्या वेळी मुकाट्याने सगळीकडे जळीत लिहिलं आणि वर्गात पहिली आले. सरांनी टाळ्या वाजवायला लावल्या. मीही हसले, याची लाज वाटते.

काम तलासरीत मिळालं. वनजमिनीच्या दाव्यांसाठी जुने फोटो तपासायचे होते. माणूस ती जमीन ठरलेल्या सालाच्या आधीपासून कसत होता की नाही, हे त्यावरून बघणार होते. एके दिवशी समोर आमचाच डोंगर आला. ओहोळाचं वळण ओळखीचं, आणि त्याच्या वरच्या अंगाला काकीचा तुकडा. चुलते लवकर गेले. त्यानंतर त्याच तुकड्यावर तिने घर चालवलं, मलाही नागलीच्या भाकरी घातल्या. तुकड्याच्या कडेला काळा ठिपका होता. तो राब काकीचा, हे मला पक्कं ठाऊक होतं.

शेती लिहिलं असतं तर तपासणाऱ्याने काम परत पाठवलं असतं, शेरा मारला असता. मी जळीत लिहिलं आणि पुढचा तुकडा उघडला. यासाठी मला अर्धं मिनिटही लागलं नाही.

काही महिन्यांनी काकी कागद घेऊन माझ्या दारात उभी. दावा नामंजूर. सदर जागी शेती आढळत नाही, जळीत वनक्षेत्र.

"म्या जंगल जाळलं म्हणतात. कोणी लिवलं ह्ये?" तिने विचारलं.

"वरून फोटो काढतात, काकी. त्यात तसं दिसतं," मी म्हटलं. माझ्या तोंडून सरांचाच आवाज आला.

पण झोप उडाली. फेरसुनावणीला मी तिच्यासोबत कचेरीत गेले आणि साहेबांपुढे सांगून टाकलं, "हे लेबल मी दिलंय. ते चूक आहे. तो राब आहे, वणवा नाही."

साहेबांनी कागद उलटला. "इथे तर तपासणीत उत्तीर्ण लिहिलंय. तुमचं काम सगळ्यांत अचूक." मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "तेव्हा खोटं लिहिलंत, की आता नातेवाइकासाठी खोटं बोलताय?"

बाकीच्यांनी राब कधी पाहिलाच नव्हता, ते अडाणी ठरले. मला ठाऊक होतं, म्हणून मी खोटारडी. साहेबांनी दावा पुन्हा नामंजूर केला. मला त्यांचा गळा धरावासा वाटला, पण धरायला आधी माझाच होता.

बाहेर आल्यावर काकी थांबली. "लिवलं तवा तुला ठाव व्हतं?"

"हो."

"माझंच शेत हाय, ह्ये पण?"

"हो."

बसमध्ये कासापर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. नाक्यावर आमच्या पाड्याची जीप भरत होती. ड्रायव्हर लहानपणापासून आम्हाला ओळखतो. त्याने मागचं फळकुट उघडलं आणि विचारलं, "दोघी ना, काकी?"

"नाय," ती म्हणाली. "मी एकलीच हाय."