पुराव्याचा फोटो

शाळेने स्वतःचं मूल्यमापन स्वतः करायचा आठवडा आला की आमच्याकडे पुस्तकांच्या कपाटाचं कुलूप निघतं. 'मुले नियमित अवांतर वाचन करतात' या वाक्यासमोर खूण करायची आणि सोबत फोटो जोडायचा, एवढ्यासाठीच. यंदाही मी चौथीच्या मुलांना व्हरांड्यात ओळीने बसवलं, हातात एकेक पुस्तक दिलं आणि बजावलं, "माना खाली. पान उलटायचं नाही."

पहिला फोटो बिघडला. आरती नावाची मुलगी पुस्तकात बघून खुदकन हसली होती आणि पान उलटताना तिचा हात हलला होता. हेडसर मोबाइलमध्ये डोकावून म्हणाले, "बाई, हा डिलीट करा. दुसरा काढा." दुसरा छान आला. सगळ्या माना सारख्या वाकलेल्या, चेहऱ्यांवर काहीही नाही.

पुस्तकं गोळा करताना आरती तिचं सोडेना. "बाई, दोनच पानं राहिलीत." मी ते ओढून घेतलं आणि कपाट बंद केलं. किल्ली माझ्याच पर्समध्ये असते.

फॉर्मच्या पहिल्या पानावर लिहिलंय, आपल्या उणिवा आपणच शोधा. मला त्या वाक्याची चीड येते. त्याहून जास्त चीड त्याखालच्या माझ्या वळणदार अक्षराची येते, कारण त्या अक्षरात मी आजवर एकही उणीव लिहिलेली नाही.

शेवटच्या रकान्यात विचारलं होतं, पुरावा जोडला आहे का? मी 'होय' लिहिलं. आमच्या शाळेत कुणी वाचतं याचा एकच पुरावा होता, तो मी दुपारी डिलीट केला.