हो तो न्हय

मी असले अनुभव लिहिणाऱ्यांतली नव्हे. या सदरातले चमत्कारांचे किस्से जेवताना नवऱ्याला वाचून दाखवायचे आणि दोघांनी हसायचं, हा आमच्या घरचा कार्यक्रम. माझं काम डेटाबेसचं. तिथे काहीही घडलं की त्याची नोंद राहते, आणि नोंद नाही म्हणजे ते घडलंच नाही... असं मी अगदी छातीठोकपणे सांगायचे. आता नाही सांगत.

आमचं ऑफिस अंधेरी पूर्वेला. एका रक्तपेढीचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. तिची केंद्रं दोन, मुलुंड आणि घाटकोपर. पूर्वी ती वेगवेगळी होती, पुढे एक झाली. ज्यांना सारखं रक्त घ्यावं लागतं अशा प्रत्येक पेशंटचं एक कार्ड असतं. कार्डाचा नंबर टाकला की त्याचा रक्तगट, आधी कुठलं रक्त सोसलं, कशाने त्रास झाला, सगळं समोर येतं.

हे सगळं उभं केलं सावंत सरांनी. मूळचे कुडाळकडचे, राहायला चारकोपला, आता रिटायर झालेत. डेटाबेसमध्ये चुकीची माहिती शिरू नये म्हणून आम्ही नियम घालतो, त्यांना कन्स्ट्रेंट म्हणतात. नियम मोडला की त्याचं नाव स्क्रीनवर लाल अक्षरांत येतं. बाकी सगळे ही नावं रुक्ष ठेवतात. सरांनी इंग्रजी अक्षरांत चक्क मालवणी नावं ठेवली होती! जन्मतारीख पुढची टाकली तर ‘अजून जन्माक येवचो आसा’. रक्तगट रिकामा सोडला तर ‘रगात खंय’. आणि एकच कार्ड नंबर दोघांना पडू नये म्हणून जो नियम होता, त्याचं नाव ‘हो तो न्हय’. म्हणजे हा तो नव्हे.

मला या नावांची लाज वाटायची. क्लायंटसमोर शोभत नाहीत, असं मी सरांना सगळ्या टीमच्या देखत सुनावलं होतं. सर म्हणाले होते, ‘शोभाक नाय गो, थांबवूक घातलीत.’ आम्ही सगळे हसलो होतो.

या वर्षी नवीन ॲप आलं. त्याला कार्ड नंबर आकड्यात हवा होता, आणि सरांनी तो कॉलम अक्षरांचा ठेवला होता. शोधही हळू चालायचा. कॉलमचा प्रकार बदलायचं काम माझ्याकडे आलं. एका रविवारी सकाळी, केंद्रं उघडायच्या आत, मी घरूनच शोधासाठीचे सगळे इंडेक्स आणि कन्स्ट्रेंट काढून टाकले आणि कॉलम आकड्याचा केला. मग एकेक परत घातलं, माझ्या नीटनेटक्या नावांनी. खरं सांगायचं तर सरांची नावं पुसताना मला बरं वाटत होतं.

एकच नियम परत बसेना. डेटाबेस म्हणे, एकाच नंबराच्या दोन नोंदी आहेत. त्या नियमावर टेकलेला दुसराही मग बसेना. मुलुंडची जुनी कार्डं शून्याने सुरू व्हायची, घाटकोपरची नाही. अक्षरांत ०४१२ आणि ४१२ वेगळे. आकड्यात दोन्ही ४१२. कॉलम अक्षरांचा का ठेवला होता ते तिथेच मला कळायला हवं होतं... नाही कळलं. त्या दुपारी वहिनीचं डोहाळजेवण होतं, साडी इस्त्री करून पलंगावर पडली होती. जुना कचरा असेल, उद्या बघू म्हटलं. नियमाच्या जागी साधा इंडेक्स टाकला, म्हणजे शोध तरी झटपट चालेल. आणि मॅनेजरला मेसेज केला, सगळं झालं, नीट तपासलं.

ओटी भरणं चालू होतं तेव्हा फोन आला. घाटकोपरच्या काउंटरवरच्या हेतलबेन. थॅलेसेमियाची एक कॉलेजातली मुलगी रक्तासाठी आली होती, तिचा नंबर ४१२. त्या सेव्ह करत होत्या आणि स्क्रीन अडत होती. लाल अक्षरं येतायत, म्हणाल्या. मी विचारलं, काय लिहिलंय? त्यांनी एकेक अक्षर वाचलं. एच, ओ... टी, ओ... एन, एच, ए, वाय.

‘तृप्ती मॅडम, हे काय आहे? कोणाचं नाव आहे का?’

माझ्या हातातलं हळदीकुंकवाचं ताट मी कुणाकडे दिलं तेही आठवत नाही. मी फक्त म्हणाले, सेव्ह करू नका. कुणाला रक्त देऊ नका. आधी पेशंटचं नाव वाचा.

स्क्रीनवर मुलीचं नाव नव्हतं. मुलुंडच्या एका रिटायर्ड मास्तरांचं होतं. रक्तगटही त्यांचाच. पिशवी लावण्याआधी पुन्हा जुळवून बघतात, हे खरं. पण तिथे माणसाचीही चूक होऊ शकते, म्हणून तर हा इतिहास ठेवायचा.

तशीच भरजरी साडीत ऑफिस गाठलं. कॉलम पुन्हा अक्षरांचा केला, आधीच्या बॅकअपवरून शून्यं परत आणली, नियम घातला. मग शोधायला बसले. माझ्या बदलानंतरच्या डेटाबेसमध्ये ‘हो तो न्हय’ कुठेच नव्हतं. प्रोग्रॅममध्ये नव्हतं. काउंटर चुकून डेटाबेसच्या जुन्या कॉपीला जोडलं गेलं असेल म्हणावं, तर जुन्या कॉपीवर नवी स्क्रीन उघडतच नाही. सर्व्हरच्या नोंदींत त्या दुपारी एकही नकार नाही. हेतलबेन नव्या लागलेल्या, सरांना त्यांनी पाहिलंही नाही. मालवणी तर दूरच राहिली. फोटो काढला नाहीत का, असं मी विचारलं तर चिडल्या. ‘बेन, मला काय सपना पडला?’

यापुढचं लिहायला जड जातंय. सोमवारच्या मीटिंगमध्ये मॅनेजरने माझं कौतुक केलं. सुट्टीच्या दिवशी, घरचं कार्य सोडून चूक पकडली म्हणून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी थँक यू म्हटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय! पण रात्री जेवण जाईना. किस्से वाचायचे तर मी बंदच केले होते.

शेवटी चारकोपला गेले. भूत-बित असतं तर एक वेळ समजू शकले असते, पण सावंत सर चांगले ठणठणीत आहेत. काकूंनी कोकम सरबत दिलं. मी सगळं सांगितलं. नावं पुसली, नियम घातला नाही, खोटा मेसेज केला, टाळ्या घेतल्या. सर ऐकत होते. ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी विचारलं, सर, हे कसं झालं असेल?

‘माका काय ठावक? मी त्या दुपारी निजलेलंय,’ सर म्हणाले. मग सरबताचा पेला माझ्याकडे सरकवत, ‘त्या चेडवाच्या बापाशीक सांगलंस?’

नव्हतं सांगितलं. त्या मुलीच्या वडिलांना सांगायचा विचारही माझ्या मनात आला नव्हता. चमत्कार कसा झाला याच्या मागे मी लागले होते, आणि ती मुलगी माझ्या लेखी अजून ४१२च होती.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरला आणि केंद्राच्या डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं. मॅनेजर माझ्याशी आता कामापुरतं बोलतो. डॉक्टर म्हणाले, ‘मुलीच्या वडिलांना तुम्हीच सांगा.’ मुलीची पुढची वेळ होती तेव्हा मी घाटकोपरला गेले. ती आत झोपून, हाताला रक्ताची पिशवी लावून मोबाईल बघत होती. वडील बाहेर बाकावर डबा धरून बसले होते. त्यांना सांगितलं, चूक माझी होती, तुमच्या मुलीच्या नावावर दुसऱ्याचा रक्तगट आला होता, आणि ते वेळेत अडलं.

त्यांनी डबा बाकावर ठेवला आणि आतल्या दाराकडे पाहिलं. ओरडले नाहीत. मग त्यांनी विचारलं, ‘मग अडवलं कोणी?’

मला आजही माहीत नाही. मी त्यांना एवढंच सांगू शकले की मी नाही.