पाटीपाशी बंद केलेलं इंजिन

आज सकाळी इथे अमेरिकेत, पार्सिपनीच्या थंडीत शाळेची बस कोपऱ्यावर घरघरत थांबली, डिझेलचा वास आला आणि मला जर्मनीतली ती पाटी आठवली. तेव्हा बाबा पुण्याहून तिथे आले होते, मी इथून गेलो होतो आणि मित्राची जुनी डिझेलची मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घरच, घेऊन आम्ही दोघंच फिरत होतो. बाबांनी जन्मभर पिंपरीच्या कारखान्यात डिझेल इंजिनं तपासली, लहानपणी त्यांच्या शर्टाच्या वासाला मी नाक मुरडलं की म्हणायचे, "या वासावर घर चालतं आपलं." त्या मोटरहोमचं इंजिनही ते डोळे मिटून ऐकत बसायचे. शहराच्या तोंडाशी पाटी दिसली, जास्त धूर सोडणाऱ्या जुन्या गाड्यांना आत बंदी. "एवढ्या लांब येऊन काय ही कटकट!" मी चिडलो. बाबा उतरून मागे गेले, काळ्या धुराकडे बघत राहिले, खोकले. "बरोबर आहे त्यांचं. बंद कर इंजिन," एवढंच म्हणाले. मग ट्रॅमने निघालो, तर शहर बघायचं सोडून ते स्वतःचे हात बघत बसले. आज मुलगी नाकावर मफलर ओढत "डॅडी, इट स्टिंक्स!" म्हणाली आणि बसमध्ये चढली. बाबा आता नाहीत. बस दिसेनाशी होईपर्यंत मी तिथेच उभा राहिलो आणि तो वास छातीभर घेतला.